मागच्या सपरीतली खाट

रविवार, ३ ऑगस्ट

फेब्रुवारीपासून ही वही उघडली नाही. वेळ नव्हता असं लिहिलं तर ते खोटं होईल. वेळ होता, लिहिलं की गोष्ट पक्की होते, म्हणून टाळलं. हिंगण्याच्या कारखान्यात मी नोंदीशिवाय मिरचीचं एक पोतं पुढे जाऊ देत नाही आणि घरातले इतके महिने कोरे सोडले. यापुढे असं होणार नाही असं म्हणायचं धाडस नाही. आज लिहितो, एवढंच.

मायला कर्करोग आहे. उजव्या स्तनात. हा शब्द लिहिताना माझा हात थांबला, मग तिला तो तोंडातून काढायला किती जड गेलं असेल. तिने काढलाच नाही. होळीच्या सुमाराला माझ्या बायकोने, मेघाने, तिला न्हाणीत पाहिलं तेव्हा कातडी फुटून जखम झाली होती. तपासण्यांत फुप्फुसात आणि मणक्यात पसरल्याचं निघालं. बरं होण्याची वेळ निघून गेली आहे, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत, आणि दर आठवड्याला रीना सिस्टर घरी येऊन जखम धुऊन देतात. मी तेव्हा कारखान्यात असतो. घरी असतो तेव्हाही माय मला बाहेर काढते, आणि ते बरोबरच आहे.

मागच्या आठवड्यात सर्जन डॉ. अदिती पांढरीपांडे यांनी सांगितलं, "जखम आणि गाठ काढून टाकता येईल. आजार बरा होणार नाही. आयुष्य वाढेल असंही नाही. पण उरलेला काळ त्यांना सोपा जाईल."

माय लगेच म्हणाली, "काढून टाका, बाई."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. पंचाहत्तर वय, रक्त कमी, त्यात भूल. ज्याने बरं होणार नाही त्यासाठी तिला कापायचं? ऑटोत घरी येईस्तोवर ती माझ्याशी बोलली नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

मायने खाट मागच्या सपरीत हलवून घेतली आहे. पत्र्याच्या त्या पडवीत, धुण्याच्या दगडाला लागून. समोरच्या खोलीत पंखा आहे, टीव्ही आहे, येणारं-जाणारं माणूस दिसतं. ते सोडून इथे कशाला, हे मला आज संध्याकाळी कळलं. बुद्धविहाराच्या कर्ण्याचं तोंड आमच्या मागच्या बाजूला आहे. वर्षावासाचे पावसाळी तीन महिने सुरू आहेत, रोज संध्याकाळी तिथे ग्रंथवाचन होतं, ते इथून स्पष्ट ऐकू येतं.

गेली कित्येक वर्षं वर्षावासात वाचायला मायच बसायची. सहा वर्षांची असताना बापाच्या खांद्यावर बसून तिने दीक्षा घेतली, पण अक्षर शिकली ती लग्नानंतर, रात्रीच्या वर्गात. म्हणून तिला वाचायचं जास्त अप्रूप. यंदा तिच्या जागी प्रेमिलाबाई वाचतात. दोघी जुन्या मैत्रिणी. वस्तीतला दारूचा अड्डा यांनीच बंद पाडला होता, मडकी फोडून. माझे बाबा दारूनेच गेले, त्यानंतरची गोष्ट.

आज कर्ण्यावरून प्रेमिलाबाईंचा आवाज येत होता आणि माय उशीवर मान हलवत होती.

"हे बाई वाचते जशी तिची एसटी सुटून राहिली."

"मग तू जा ना वाचायला. दोन गल्ल्या तर आहेत. मी गाडीवर नेतो."

"मले नाही जमत," ती म्हणाली आणि खाटेखालची अगरबत्ती बदलली. हल्ली तिच्याजवळ दिवसभर अगरबत्ती असते. मला ते आवडत नाही असं नाही. एवढा भाव तिच्यात आधी नव्हता, एवढंच.

एक गोष्ट समजत नाही. ती माझ्यावर रागावली आहे असं धरून चालावं, तर मी कामावरून आलो की ती खाटेवर सरकून मला जागा करते. मेघा आली की "जा वं, काम पाह्य आपलं" म्हणते. नंदिनीला, माझ्या मुलीला, तर सपरीच्या दाराशीच थांबवते. नंदिनी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हल्ली मैत्रिणीकडेच अभ्यासाला जाते. आजीच्या आजारपणात तिने घरात असायला हवं, असं मी तिला बोललो. तिने खाली पाहिलं.

रविवार, १० ऑगस्ट

पाठीचं दुखणं वाढलं आहे. रीना सिस्टरने मॉर्फीनच्या गोळ्या आणल्या, कशा घ्यायच्या ते नीट समजावलं. मायने पुडी परत दिली.

"पाचवं शील हाय माह्यं. नशा नाही करत मी."

"आजी, ही नशा नाही, दवा आहे."

"दारूवाला बी असाच सांगे. दवा हाय म्हणून."

सिस्टर हसल्या. मला हसू आलं नाही. पाच शीलं रोज म्हणणारी हजार माणसं असतील. ती पाळण्यासाठी दात-ओठ खाऊन दुखणं सोसणारी मी एकच पाहिली. तिच्या ताटात गोळी कुस्करून घालण्याचा विचार माझ्या मनात आला. पूर्ण आला; भाजीत की वरणात इथपर्यंत. मग लक्षात आलं की मला स्वतःला चव कळणार नाही, म्हणजे तिला कळेल की नाही हेही मी तपासू शकत नाही. न करण्याचं हे कारण असावं याची लाज वाटली. खरं कारण हे असायला हवं की ती तिची प्रतिज्ञा आहे.

(चव आणि वास दोन्ही करोनात गेले. चव थोडी परत आली, वास नाही. मी मसाल्याचा केमिस्ट. धणे जुने आहेत की नवे हे पोत्याचं तोंड उघडल्याबरोबर सांगायचो. आता मला वजनं आणि ओलावा तपासायला बसवलं आहे. घरी दूध नासलं की मेघा सांगते.)

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज मायला खरं सांगितलं. ऑपरेशनचा तिचा हट्ट यामुळेच आहे, असं मी ठरवलं होतं: तिला वाटतंय ती बरी होईल, आणि कोणी तिला स्पष्ट सांगत नाही. ती कडुनिंबाच्या काड्यांची पानं ओरबाडत होती. मेघाकडून रोज मागवते, पाण्यात उकळायला.

"माय, ते काढलं तरी तू बरी होणार नाहीस. आजार आत आहे."

"मी म्हटलं का मले बरी कर म्हणून?"

"मग कशासाठी कापून घ्यायचं?"

"ते माह्या अंगावर नको मले. बस."

"पण त्रास किती होईल..."

"तरास मले हाय का तुले?"

ती पुन्हा पानं ओरबाडू लागली. मी लिहून ठेवतो: हा हट्ट आहे. लहानपणापासून पाहतो आहे. पण हट्ट म्हटलं की माझं विचार करणं थांबतं, हेही लिहून ठेवतो.

रविवार, १७ ऑगस्ट

आज विहारात जाऊन भंतेजींना भेटलो. गोळ्यांबद्दल विचारलं. ते माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबले. म्हणाले, "शील बेहोशीपासून, बेफिकिरीपासून दूर राहायला सांगतं. तुमच्या आई दुखण्याने बेहोश होत असतील, तर होश कशात आहे, गोळी घेण्यात की न घेण्यात? आजाऱ्याला वैद्याने दिलेलं औषध म्हणजे नशा नाही."

मी त्यांचे शब्द जसेच्या तसे मायला सांगितले. ती म्हणाली, "भंतेजीचं बराबर हाय. पण झोप येते म्हंतात त्यानं. मले डोकं जागेवर पाह्यजे."

"कशाला?"

तिने विहाराच्या दिशेला पाहिलं. मग म्हणाली, "असन काही."

विहारातून निघताना प्रेमिलाबाई भेटल्या. त्यांना माय नरखेडला भावाकडे गेली आहे असं वाटत होतं. मायनेच तसा निरोप दिला होता म्हणे. मी सांगितलं की ती घरीच आहे, आजारी आहे, काय आजार आहे तेही सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, आम्ही सगळ्या येतो. मी म्हणालो, जरूर या, तिला बरं वाटेल. खोटं उघडं पाडल्याचं वाईट वाटलं, पण माणसं तुटू देण्यापेक्षा बरं.

मंगळवार, १९ ऑगस्ट

त्या आल्या. सहा-सात जणी, पांढऱ्या साड्यांत, वाचनाला जायच्या आधी. मायला मी आधी सांगितलं नव्हतं. आश्चर्य वाटावं म्हणून. मी स्वतः त्यांना सपरीत नेलं.

माय उठून बसली. पहिलं तिने पदर गळ्यापर्यंत ओढून घेतला. "जय भीम" झालं. मग काय झालं ते जसं दिसलं तसं लिहितो. पुढच्या दोघी दाराशीच थांबल्या. एकीने पदर तोंडाला लावला, मग दुसरीने. प्रेमिलाबाई धीर करून खाटेपर्यंत गेल्या, मायचा हात हातात घेतला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि हात सोडून अंगणात धावल्या. नाल्याशी वाकून ओकल्या. बाकीच्या "बाई, आराम करा, येतो आम्ही" म्हणत भराभर निघाल्या.

मायने भिंतीकडे तोंड केलं.

मी स्वयंपाकघरात गेलो. मेघा ओट्याला टेकून उभी होती. मी विचारलं, हे काय होतं? एवढ्या जुन्या मैत्रिणी, अशा कशा वागल्या?

"तुम्हाला अजूनही कळलं नाही?"

"काय?"

"वास," ती म्हणाली. "जखमेचा. उन्हाळ्यापासून."

बुधवार, २० ऑगस्ट

वास.

अगरबत्ती. कडुनिंब. खाट. नंदिनी. सगळं माझ्यासमोर होतं.

गुरुवार, २१ ऑगस्ट

मेघाला विचारलं, कसा वास? नीट सांग. ती सांगायला तयार नव्हती. मी म्हणालो, मला कळायलाच हवं.

"कपाटामागे उंदीर मरून पडला तर येतो ना. तसा. त्यावर अगरबत्तीचा. रीना सिस्टर पावडर टाकते तर दोन दिवस कमी होतो. त्या पावडरीच्या गोळ्या मीच कुटून ठेवतो खलात."

"मला का नाही सांगितलं?"

"आईनं शपथ घातली." ती म्हणाली. "म्हणे, माह्या पोराले वास येत नाही तेच बरं हाय. घरात एक माणूस तरी माह्याजवळ सरळ श्वास घेऊन बसते."

संध्याकाळी मी मायजवळ जाऊन बसलो. नेहमीसारखाच. कर्णा सुरू व्हायचा होता.

"मेघानं सांगतलं न तुले," ती म्हणाली.

"हो."

"बस मग. तुह्या बसण्यात काय फरक पडते."

मी म्हणालो, "उद्या मी रजा टाकतो. आपण डॉक्टर पांढरीपांडेंकडे जाऊ."

"आता काहून?"

 मी बाहेर कर्ण्याकडे बोट केलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तोंड फिरवून रडली. फार नाही. लगेच म्हणाली, "चहा सांग."

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पोळ्याची गर्दी असूनही डॉक्टर भेटल्या. मी सरळ विचारलं: वासाबद्दल तुम्ही मला बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, "मला वाटलं, घरात राहणाऱ्या माणसाला ते सांगावं लागत नाही." मी माझं नाक गेल्याचं सांगितलं. त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला. त्यावर छातीचं चित्र काढून, काय काढणार, मांडीची कातडी कुठे लावणार, कुठे नळी राहणार, सगळं मायला दाखवलं. मला नाही, मायला. धोकेही सांगितले. टेबलावरच काही होऊ शकतं. कातडी धरणार नाही, असंही होऊ शकतं. जखम पुन्हा येऊ शकते.

"आजी, काही विचारायचं आहे?"

"आश्विन पौर्णिमेपर्यंत बसता येईन का मले? वर्षावास संपते त्या दिवशी. शेवटचं वाचन राहते."

"प्रयत्न करू. वचन देत नाही."

"वचन कोन मागते, बाई. तारीख सांगून ठेवली."

आधी रक्त वाढायला हवं. म्हणजे अजून दोन-तीन आठवडे. माझ्या मनातली भीती गेलेली नाही. ती भूल दिल्यावर उठली नाही, तर 'हो' म्हणणारा मी असेन. पण 'नाही' म्हणत मी तिला एवढे दिवस त्या खाटेवर ठेवलं, हेही माझ्याच खात्यात आहे. दोन्ही मांडून पाहिलं. 'हो'च.

रविवार, ३१ ऑगस्ट

रक्ताच्या दोन बाटल्या लावून झाल्या. कारखान्यातल्या तिघांनी रक्तदान केलं; पाळी संपवून, हिंगण्याहून मोटरसायकली मारत आले.

मधल्या काळासाठी मी एक काम काढलं आहे. प्रयोगशाळेत वास धरायला सक्रिय कोळसा वापरतात, हे मला कॉलेजपासून माहीत आहे; आठवायला इतके दिवस लागले. रीना सिस्टरला विचारलं, जखमेला न लागता वरच्या घडीत ठेवला तर चालेल का? त्या म्हणाल्या चालेल, अशा तयार पट्ट्याही मिळतात, पण आपल्याकडे लवकर येत नाहीत. मग कोळशाची पूड मलमलीच्या दोन घड्यांत शिवून पट्ट्या केल्या. जाड, पातळ, कापूस घालून, न घालता. कोणती चांगली, हे मला सांगता येणार नाही, म्हणून कारखान्यात करतो तसं वास पाहणाऱ्यांचं पॅनल बसवलं. मेघा आणि नंदिनी. कोणत्या दिवशी कोणती पट्टी आहे हे त्यांना सांगायचं नाही. त्यांनी सपरीच्या दाराशी, मग खाटेच्या पायथ्याशी, मग उशाशी उभं राहून शून्य (वास नाही) ते पाच आकडा द्यायचा.

मायला वाटलं आम्ही वेडे झालो. "माह्या वासाची परीक्षा घेऊन राहिले का गा?"

"तुझी नाही, पट्टीची," मी म्हणालो.

नंदिनीने पहिल्या दिवशी उशाशी चार सांगितला. चेहरा न लपवता सांगितला. माय तिच्याकडे पाहत राहिली. "पोट्टी खरं बोलते," म्हणाली. तेव्हापासून नंदिनीला दाराशी थांबवणं बंद झालं. आज कापूस घातलेल्या जाड पट्टीला दोघींनी दोन दिला. नंदिनी परीक्षा संपल्यावरही तिथेच बसली. मी तिला जे बोललो होतो त्याबद्दल मी माफी मागितली. ती म्हणाली, "बाबा, मले वाटलं तुम्हाले थोडा तरी वास येत असन, तुम्ही सहन करून राहिले आणि मी नाही करू शकत."

मंगळवार, ९ सप्टेंबर

ऑपरेशन झालं. ती उठली. डोळे उघडल्यावर पहिलं म्हणाली, "निघालं का?" डॉक्टर म्हणाल्या, निघालं.

बाकी उद्या.

शनिवार, १३ सप्टेंबर

बाकी असं. छातीला नळी आहे, मांडीवर कातडी काढलेल्या जागी जास्त दुखतं. वॉर्डात बाजूच्या खाटेवर काटोलची एक बाई आहे, जबड्याचं ऑपरेशन झालेली. तिला बोलता येत नाही, त्यामुळे माय दोघींचं बोलते.

पट्टी सोडल्यावर माय मेघाला जवळ बोलावते, वाकायला लावते. "पाह्य."

"डेटॉलचा येते, आई. दुसरा नाही."

माय मानत नाही. मेघा माया लावून बोलते म्हणे. माझा तर प्रश्नच नाही. नंदिनी शून्य म्हणाली, तर "ते बी आता शिकली गोड बोलाले" म्हणे. मी म्हणालो, मग कोणाचं खरं मानशील? ती काटोलच्या बाईकडे वळली.

सोमवार, २२ सप्टेंबर

घरी आणलं. खाट समोरच्या खोलीत लावू का विचारलं. म्हणाली, "राहू दे मांगंच. कर्णा ऐकू येते."

कातडी धरली आहे. एका कडेला थोडी ओल आहे. पण पाठीचं दुखणं तिथेच आहे, आणि आता ते जखमेच्या नावावर खपवता येत नाही. आज ती स्वतः रीना सिस्टरला म्हणाली, "तुमची ती गोळी द्या."

मी पाहत राहिलो. ती म्हणाली, "काय पाह्यतं? सिस्टर सांगे, पयले काही दिवस झोप येते, मग अंगवळणी पडते. आता सुरू केली त पौर्णिमेले डोकं जागेवर राहीन. भंतेजीले मानलं मी, तुले नाही."

सिस्टरने सगळ्यात लहान मात्रा दिली. बरोबर पोट साफ व्हायचं औषध.

शनिवार, २७ सप्टेंबर

पहिले तीन-चार दिवस ती झोपाळली. मी घाबरलो, वाटलं, दुखण्याच्या बदल्यात तिचं डोकं घेतलं. आज मात्र कर्ण्यावर प्रेमिलाबाईंनी एक ओळ गाळली, तर हिने ती इकडे म्हटली. डोकं जागेवर आहे.

मेघाने पांढऱ्या साडीवरचा ब्लाउज उसवून उजव्या बाजूला आतून कापसाची मऊ घडी शिवली. माय आरशात पाहून म्हणाली, "दोन्हीकडं सारखी दिसतो का वं?" मेघा म्हणाली, "आधीपेक्षा बरी." दोघी हसल्या. मी बाहेर उभा होतो, ऐकलं.

नंदिनी रोज संध्याकाळी आजीकडून वंदना नीट म्हणायला शिकते आहे. शब्द कुठे तोडायचा, श्वास कुठे घ्यायचा. कॉलेजच्या मुलीला याची आवड लागली, हे मला फार बरं वाटलं. माय एवढ्या निग्रहाने शिकवते, की मध्ये पाणी प्यायलाही थांबत नाही.

विहारातल्या वर्षावास-समारोपाबद्दल मायशी बोललो. "खुर्ची मांगच्या दाराजवळ ठेव," ती म्हणाली. "दार उघडं ठेव. पंख्याखाली."

"पण वाचणारा मध्ये बसतो, माय. सतरंजीच्या मधोमध."

"सांगतलं ते कर."

मी वाद घातला नाही. कारण मला कळलं होतं. वास गेल्याची जी खात्री तिला हवी आहे ती तिला मी, मेघा किंवा नंदिनी देऊ शकत नाही. ज्या बाईने नाल्याशी वाकून ओकलं तिनेच ती द्यायची आहे. आणि त्या बाई लाजेने आमच्या गल्लीतूनही जात नाहीत.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

प्रेमिलाबाईंकडे गेलो. त्यांनी आधी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, "कोणत्या तोंडानं येऊ गा?" मी म्हणालो, तोंडाचं नाही, नाकाचं काम आहे. हे बोलून गेल्यावर वाटलं, आता त्या दुखावतील. त्यांनी दार पूर्ण उघडलं. मी सगळं सांगितलं: ऑपरेशन, खुर्ची, मागचं दार. खोटं बोलू नका, असंही सांगितलं. येत असेल तर येतो म्हणा.

"मले खोटं जमतच नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी जमलं असतं त काय पाह्यजे होतं."

रविवार, ५ ऑक्टोबर

प्रेमिलाबाई दुपारी आल्या, एकट्याच. मी मुद्दाम अगरबत्ती लावू दिली नव्हती. कोळशाची पट्टीही नाही, साधी जाळीची पट्टी. दाराशी त्या क्षणभर थांबल्या. मायने त्यांच्या पदराकडे पाहिलं, चेहऱ्याकडे नाही. पदर खांद्यावरच राहिला.

"ये," माय म्हणाली. "अजून जवळ ये."

त्या खाटेवर येऊन बसल्या.  मग प्रेमिलाबाईंनी मेघाला हाक मारली. "सूनबाई, काही खायाले आहे का घरात? सकाळपासून उपाशी आहो मी."

मेघाने पोहे दिले, वर तर्री घालून. प्रेमिलाबाईंनी ताटली मांडीवर घेतली आणि तिथेच, मायच्या उजव्या कुशीला टेकून, सगळे खाल्ले. बोटं चाटली. अजून मागितले.

माय तोवर त्यांच्या ताटलीकडे पाहत होती. दुसरी ताटली अर्धी झाली तेव्हा म्हणाली, "त्या दिवशी ओळ काहून गाळली वं? दम लागला का?"

"चष्म्याचा नंबर वाढला, बाई. तुमच्यासारखं मले नाही जमत."

"एसटी सुटल्यासारखी वाचतं त काय जमन."

मग दोघी उद्याचं ठरवत बसल्या. उद्या पौर्णिमा. मायने सांगितलं, प्रेमिलाने शेजारी बसायचं आणि वाचताना ओळीवर बोट ठेवून राहायचं, म्हणजे वाचन मध्येच तुटायचं नाही. नंदिनीने दुसऱ्या बाजूला. मायच्या चष्म्याला काही झालं आहे का, मी विचारलं. "चष्मा बराबर हाय," ती म्हणाली. मग बोट कशाला, ते मला समजलं नाही. प्रेमिलाबाईंनी मात्र लगेच हो म्हटलं, आणि मायचा हात बराच वेळ सोडला नाही.

वाचनाच्या आधी तासभर गोळी द्यायची, असं सिस्टरने सांगितलं आहे. पायऱ्या चढताना तिला धाप लागते, म्हणून मी उचलून नेणार. ती नाही म्हणेल. तरी नेणार. समारोपाला वस्तीतली सगळी माणसं असतात; मला त्यातल्या कोणाच्या चेहऱ्यावरून काही कळणार नाही, हे मला माहीत आहे. मेघा आणि नंदिनी पाहतील.

संध्याकाळी मी उठताना मायने शर्टाची बाही धरली. म्हणाली, "ते खुर्चीचं..."

"मागच्या दाराजवळ. लक्षात आहे."

"नाही. मधात ठेव."

उद्या: विहारात आधी जाऊन मायची खुर्ची सतरंजीच्या मधोमध ठेवणे.